निंबोळी मारूनसुद्धा अळी जिवंत का राहते, आणि झाडांच्या पानात नक्की असतं तरी काय

वाळव्याकडच्या एका दादांनी विचारलंय. सोयाबीन टोकून ३८ दिवस झालेत, वाण फुले संगम म्हणजे केडीएस ७२६ आहे, पानांची पार चाळण झालीय, अळी बोटाएवढी झालीय, दुकानातनं निंबोळी तेल आणून एकराला ६ पंप मारले आणि तिसऱ्या दिवशी रानात जाऊन बघितलं तर अळ्या तशाच. आता भावकीतलं कोण म्हणतंय तंबाखूचं पाणी मार, कोण म्हणतंय दहा पाल्यांची दशपर्णी कर, आणि त्यांचा मूळ प्रश्न असा की झाडांमध्ये अळीला रोखणारं खरंच काही असतं का हे सगळं ऐकीवच आहे.

दादा, असतं. आणि भरपूर असतं. मी कराडच्या खालच्या बाजूला कृष्णाकाठी स्वतः पावणेतीन एकर करतो आणि २० वर्षांच्या वर या सातारा-सांगली पट्ट्यात ऊस, सोयाबीन, हळद, भाजीपाल्याच्या रानातनं सल्ल्यासाठी फिरतोय, त्यामुळं "मारलं पण काय झालं नाही" हे मी दर पावसाळ्यात ऐकतो आणि दरवेळी जीव हळहळतो, कारण औषध बऱ्याचदा चांगलं असतं, फक्त ते अळीला काय करतं हे त्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून जरा लांबण लावतो, पण सगळं वाचा, पैसे वाचतील.

कडुनिंबापासनंच सुरू करू. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली होती, तिथं श्मुटेरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं बघितलं की टोळांनी आजूबाजूचं सगळं हिरवं फस्त केलं पण कडुनिंबाची झाडं तशीच उभी. आणि आपल्याकडं दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये टोळधाडीच्या वेळी उभ्या पिकावर निंबोळीच्या बीतल्या गराचं पाणी फवारलं, टोळ पिकावर बसले पण त्यांनी खाल्लं नाही. हे लक्षात ठेवा, खाल्लं नाही, मेले असं म्हटलेलं नाही. पुढं १९६८ ला इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी निंबोळीतनं ते द्रव्य वेगळं काढलं, तेच अझाडिरेक्टिन, बाटलीवर जे लिहिलेलं असतं ते. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या टीमला ते प्रयोगशाळेत पहिल्यापासनं बनवायला २२ वर्षं लागली, २००७ साली जमलं. आपल्या जत-आटपाडीच्या माळावरचं झाड ते दर उन्हाळ्यात बिनबोभाट बनवतंय, मला या गोष्टीचं खरंच लई अप्रूप वाटतं.

आता ते काम कसं करतं ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे. अळीच्या तोंडापाशी चव ओळखणारे बारीक केस असतात, अझाडिरेक्टिन तिथं लागलं की अळीला ते पान नकोसं होतं, खाणं कमी होतं किंवा बंद पडतं. हा झाला पहिला भाग. दुसरा भाग पोटात गेल्यावर सुरू होतो. अळी मोठी व्हायची म्हणजे तिला कात टाकावी लागते, आपली स्पोडोप्टेरा म्हणजे तंबाखूची पानं खाणारी अळी कोषात जायच्या आधी पाच वेळा कात टाकते, आणि कात टाकायला तिच्या अंगात एकडायसोन नावाचं हार्मोन योग्य वेळी सुटावं लागतं, अझाडिरेक्टिन नेमकं तिथं घोळ घालतं. मग काय होतं, अळीची नवी कातडी आत तयार होते पण जुनी निघत नाही. हे मी तुम्हाला डोळ्यांनी बघायला सांगतो. निंबोळी मारल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी पान उलटून बघा, एखादी बारकी अळी सापडेल जिची जुनी कात मागं शेपटाला गोळा होऊन अडकलीय, आणि तोंडावर जुन्या डोक्याचं काळं टोपण तसंच चिकटलेलं आहे, बैलाला मुसकं बांधल्यासारखं. तिला खाता येत नाही, पुढं सरकता येत नाही, दोन दिवसात वाळून पडते. पहिल्यांदा भिंगातनं हे बघितलं तेव्हा मी बांधावर अर्धा तास बसून राहिलो होतो.

म्हणजे काय, निंबोळी मारल्यावर तिसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या मोजायच्याच नसतात. मोजायचं असतं ते नवीन खाल्लेलं पान. फवारायच्या आधी १० झाडांच्या शेंड्याच्या पानांना दोरा बांधा किंवा खूण करा, आणि चौथ्या दिवशी बघा त्या पानाला नवीन भोकं किती पडलीत. अळी दिसतीय पण पान तसंच आहे तर औषध चालू आहे.

पण तुमच्या बाबतीत ते चालू नसणार असं मला वाटतं, आणि त्याची कारणं तुम्हीच लिहिलीत. पहिलं म्हणजे अळी बोटाएवढी. अहो, बोटाएवढी अळी पाचव्या-सहाव्या अवस्थेत असते, तिची कात टाकायची जवळजवळ संपलेली, आता ती चार दिवसात जमिनीत उतरून कोषात जाणार, आणि अळी आयुष्यात जे काय खाते त्यातलं बहुतेक याच शेवटच्या टप्प्यात खाते. हिला निंबोळीनं थोडी अरुची येईल, बाकी फार काय होणार नाही. निंबोळीचं काम अळी एक सेंटीमीटरच्या आत असताना, पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत.

दुसरं, तेल. "निंबोळी तेल" आणि "अझाडिरेक्टिन" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दुकानात सहसा कोण सांगत नाही. घाण्यावरच्या किंवा स्वस्तातल्या तेलात अझाडिरेक्टिन किती आहे याचा काय भरवसा नसतो, कधी बरं असतं कधी नावाला असतं, आणि तेल गरम करून काढलेलं असेल तर आणखी कमी. साधं तेल मावा, पांढरी माशी, कोळी असल्या बारक्या मऊ किडींवर थर बसून काम करतं, अळीवर नाही. तुमची बाटली हातात घ्या आणि पीपीएम वाचा, म्हणजे दहा लाख भागात अझाडिरेक्टिन किती भाग आहे ते. बाजारात ३०० पीपीएम, १५०० पीपीएम, १०,००० पीपीएम अशा बाटल्या मिळतात. हिशोब सरळ आहे, १५०० ची बाटली लिटरला ५ मिली टाकली तर लिटर पाण्यात साडेसात मिलिग्रॅम अझाडिरेक्टिन गेलं. तेच ३०० वाली ५ मिली टाकली तर दीड मिलिग्रॅम. पाचवा हिस्सा! आणि पीपीएमच लिहिलेलं नसेल तर ती बाटली अळीसाठी घेऊ नका. मी सुरवातीच्या वर्षात एका दुकानातनं असलीच बिनपीपीएमची ५ लिटरची कॅन आणून तीन शेतकऱ्यांना मारायला लावली होती, तिघांची ढोबळी मिरची अळीनं खाल्ली, ते लोक बोलले नाहीत काय पण मला अजून ते आठवतं.

तिसरं पाणी. तुमच्या भागात बोअरचं पाणी जड, क्षारपड पट्ट्यात तर पीएच आठाच्या वर जातो. अझाडिरेक्टिनला आंबटसर पाणी मानवतं, पीएच साडेपाच-सहाच्या आसपास, अल्कली पाण्यात ते मोडायला लागतं. पीएचची पट्टी फार महाग नसते, आणून पाणी तपासा, जास्त असेल तर थोडं सायट्रिक ॲसिड नाहीतर लिंबाचा रस घालून खाली आणा. पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर त्यासारखं नाही. आणि तासगाव-पलूसकडच्या द्राक्षवाल्यांनी खास वाचा, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) किंवा चुना असलेल्या कशातच निंबोळी मिसळू नका. तसंच सकाळी द्रावण करून संध्याकाळपर्यंत ठेवायचं नाही, केलं की मारायचं.

चौथं ऊन. हे द्रव्य उन्हात टिकत नाही, पानावर एक-दोन दिवसात निम्मं होतं, म्हणून फवारा संध्याकाळी पाचनंतरच. त्यात दुसरा फायदा असा की मोठ्या अळ्या दिवसा बुडख्यात, ढेकळाखाली बसतात आणि अंधार पडला की वर चढतात, म्हणजे ताजं औषध आणि अळीचं जेवण एकाच वेळेला. आणि एका फवाऱ्यात विषय संपत नाही, ७-८ दिवसांनी दुसरा लागतोच.

पाचवं, एकराला ६ पंप म्हणजे शंभर लिटरच्या आत पाणी. ३८ दिवसाचं टोकणीचं सोयाबीन चांगलं मांडीला लागत असेल, पानाच्या खालच्या बाजूला थेंब पोचलाच नसणार. निंबोळी खाण्यातनं जाते, पानाला लागली नाही तर अळीला लागणार नाही. १२-१३ पंप, म्हणजे २०० लिटर पाणी लागतंच, नोझल खालनं वर धरून.

आता तंबाखूचं पाणी. यात निकोटीन असतं आणि निकोटीन जुन्या काळातलं फार मोठं कीटकनाशक होतं, मावा-तुडतुड्यांवर जोरात चालायचं, कीटकाच्या मज्जातंतूवर काम करतं. पण दादा, तुमच्या रानातल्या अळीचं नाव काय आहे? तंबाखूची पानं खाणारी अळी. तंबाखूवरच जी पोसते ती तंबाखूच्या पाण्याला काय भिणार? तिनं तेवढं निकोटीन पचवून बाहेर टाकायची सोय पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवलीय. उलट माणसालाच ते फार विषारी, कातडीतनं शोषलं जातं, ओल्या अंगानं पंप पाठीवर घेऊन फवारणाऱ्याला मळमळ, चक्कर, घाम असं होऊ शकतं. निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक आपल्या देशात वापरायला १९९२ पासनं बंदी आहे. झाडाचं आहे म्हणजे निर्धोक असं अजिबात नाही, हे मला फार कळकळीनं सांगायचंय.

आणि इथंच या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट येते. प्रत्येक झाडानं स्वतःच्या राखणीला काय ना काय बनवलंय, आणि प्रत्येक झाडाची एक तरी अळी अशी आहे जी ते पचवते. बांधावरच्या रुईकडं बघा. पान तोडलं की पांढरा चीक, त्यात हृदयावर काम करणारी विषारी द्रव्यं, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. तरी त्याच रुईवर पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गुबगुबीत अळी सापडते, पाठीवर काळ्या शिंगांच्या जोड्या. आधी पानाची शीर कुरतडून ठेवते, चीक गळून जाऊ देते आणि मग पुढचं पान खाते. ते विष ती अंगात साठवते, त्याचं पुढं नारिंगी फुलपाखरू होतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. आता रुईचा अर्क रुईच्या अळीवर मारून काय होणार?

हळदीचं तेच. सांगलीच्या हळदीत कीटकांना नकोशी द्रव्यं भरपूर आहेत, धान्यात हळकुंड ठेवायची पद्धत उगीच पडलेली नाही, तरी हळदीचं पान गुंडाळून आत बसणारी अळी दर पावसाळ्यात हळदीवर असतेच. कोबी-फ्लॉवरमध्ये मोहरीच्या तिखटपणाचं द्रव्य असतं, पान चावलं की ते तयार होतं आणि बऱ्याच किडी तिथनं मागं फिरतात, पण चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळीकडं ते तिखट व्हायच्या आधीच निकामी करणारं एन्झाइम आहे, तिला उलट त्या वासावरनंच कोबी सापडतो. म्हणून तर कोबीच्या दर २५ ओळींना मोहरीच्या दोन ओळी लावायची शिफारस आहे, मादीला मोहरी जास्त आवडते, अंडी तिकडं पडतात. आणि एरंड, ज्याच्या बीमध्ये रिसीनसारखं जहाल विष, त्या एरंडाचं पान तुमच्या या स्पोडोप्टेराला इतकं आवडतं की आपण एरंड सापळा म्हणून सोयाबीनच्या कडेनं लावतो! बांधाच्या कडेला आठ-दहा फुटांवर एकेक एरंड लावला असता तर तुम्हाला अंडीपुंज तिथं आधी दिसले असते, पुढच्या वर्षी नक्की लावा.

मग पपई. पपईच्या चिकात पपेन असतं, मटण शिजवताना कच्च्या पपईचा तुकडा टाकतात ना, तेच मांस मऊ करणारं एन्झाइम. जपानमध्ये कोन्नो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की पपईच्या पानावर सोडलेल्या अळ्या वाढत नाहीत, मरतात, आणि त्याच पानातला चीक धुऊन काढला तर त्याच अळ्या तेच पान मजेत खातात. त्या प्रयोगातल्या अळ्यांमध्ये आपली स्पोडोप्टेरा होती. पण हे पपेन ताज्या चिकात असतं आणि ते प्रोटीन आहे, महिनाभर शेणा-गोमुत्रात कुजवल्यावर त्यातलं किती शिल्लक राहील याचा विचार करा.

म्हणून दशपर्णीबद्दल माझं मत सांगतो, काहींना पटणार नाही. दशपर्णीत कडुनिंब, निरगुडी, सीताफळ, करंज, एरंड, पपई, रुई, घाणेरी, गुळवेल, लाल कण्हेर असा पाला ड्रममध्ये ३० दिवस आंबवतात, वर हिरवी मिरची आणि लसणाचा ठेचा. वासानं मादी पतंग अंडी घालायला थोडी टाळते, मावा-तुडतुड्यावर थोडा फरक दिसतो, हे मी रानात बघितलंय. पण पाल्यात अझाडिरेक्टिन फार थोडं असतं, ते असतं बीमध्ये, आणि प्रत्येक ड्रमची ताकद वेगळी, त्यामुळं अळी दिसल्यावर दशपर्णीच्या भरवशावर बसू नका, आधीपासनं दर १०-१२ दिवसांनी मारत असाल तर ठीक. आणि लाल कण्हेर त्यातनं काढून टाका. कण्हेरीचं विष माणसाच्या आणि जनावराच्या हृदयावर जातं, फवारलेल्या रानातलं गवत तुम्ही म्हशीला टाकणार, कशाला ती जोखीम. सीताफळाच्या बियांचं तसंच, त्यातली द्रव्यं अळीच्या पेशीतली शक्ती तयार होणारी जागाच बंद पाडतात, खरोखर ताकदीची आहेत, पण बी कुटताना पूड डोळ्यात गेली तर डोळ्याच्या बुबुळाला जखम होते. मी स्वतः गॉगल न घालता कुटत बसलो होतो, तीन दिवस डाव्या डोळ्यानं उजेड बघवत नव्हता, डॉक्टरांनी पट्टी बांधली. तेव्हापासनं कुणालाच घरी करायला सांगत नाही.

दुकानातल्या औषधांचं मूळसुद्धा झाडातच कुठंतरी आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं निघाली ती शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम नावाच्या पांढऱ्या फुलावरनं, फुलातलं द्रव्य अळीला क्षणात आडवं पाडायचं पण उन्हात काही तासात जायचं, म्हणून १९७३ साली इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात मायकेल इलियट यांच्या टीमनं उन्हात टिकणारं परमेथ्रिन बनवलं. आणि आता सोयाबीनला जे क्लोरअँट्रानिलीप्रोल चालतं ते अळीच्या स्नायूतल्या ज्या जागेवर बसतं त्या जागेचं नावच रायनोडिन रिसेप्टर, रायनिया नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या झुडपावरनं पडलेलं, त्या झुडपाच्या लाकडाची पूड १९४० च्या दशकात अमेरिकेत मक्याच्या अळीवर वापरायचे.

अजून एक, तुमच्या सोयाबीनच्या स्वतःच्या अंगातपण राखण आहे, त्याकडं कोण बघत नाही. अळीनं पान चावलं की झाडाला ते कळतं, जास्मोनिक ॲसिड नावाचा निरोप सगळ्या झाडात फिरतो आणि न चावलेल्या पानातसुद्धा अळीचं पचन बिघडवणारी प्रोटीनं तयार व्हायला लागतात. हे पहिल्यांदा १९७२ मध्ये टोमॅटो-बटाट्यावर ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं. मका तर अळीनं चावल्यावर असा वास सोडतो की अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारक्या गांधीलमाश्या त्या वासावर येतात. आता ही राखण दुबळी कशानं होते? युरियानं. पिवळं दिसतंय म्हणून सोयाबीनला एकरी पोतं-पोतं युरिया टाकलेली रानं मी बघतो, पान लुसलुशीत, काळंभोर, आणि अळीचा पहिला अंडीपुंज तिथंच. सोयाबीनच्या मुळावर गाठी असतात, नत्र ती स्वतः करते, पिवळेपणा बऱ्याचदा पाणी साठल्यानं नाहीतर लोहाच्या कमतरतेनं असतो. वाफसा येऊ द्या, चर काढा, युरियाचं पोतं उसाला ठेवा.

आता निंबोळी अर्क घरी नीट कसा करायचा ते सांगतो, कारण पाच टक्के अर्क ताज्या बीचा असेल तर बाटलीपेक्षा कमी पडत नाही, माझ्या रानात तरी कधी पडला नाही. आपल्या पश्चिमेला, पाटण-जावळीकडं कडुनिंब फारसा नाही, पण माण, खटाव, आटपाडी, जतला बांधाबांधावर आहे. जून-जुलैत पिवळ्या होऊन पडलेल्या निंबोळ्या गोळा करायच्या, पाण्यात चोळून साल-गर काढायचा, सावलीत पसरून कडकडीत वाळवायच्या आणि सुती पिशवीत किंवा तागाच्या पोत्यात हवेशीर ठेवायच्या. प्लास्टिकच्या पोत्यात घाम धरून बुरशी येते, काळी पडलेली, कुबट वासाची बी फेकून द्या. आठ-दहा महिन्यांच्या वरची बी घेऊ नका, ताकद जाते. बी फोडून आतल्या गराची पूड ५ किलो घ्यायची, टरफलासकट कुटत असाल तर जवळजवळ दुप्पट, कारण बीचं निम्म्याच्या आसपास वजन टरफलाचंच असतं. ही पूड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, दुसऱ्या दिवशी जाड फडक्यातनं दोनदा गाळा, वेगळ्या १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबण विरघळवून त्यात घाला आणि एकूण १०० लिटर करा. एकराला याच्या दुप्पट करा, दोनशे लिटर लागतं. गाळणं नीट झालं नाही तर नोझल तुंबून वैताग येतो. आणि उकळू नका! मी पहिल्या वर्षी औषधी काढा करतात तसं पातेल्यात तासभर उकळलं होतं, वास झकास आला, अळीला काही झालं नाही, कारण उष्णतेनं अझाडिरेक्टिन मोडतं. शेजारी कुणाची तुतीची बाग असेल तर वारा बघून मारा किंवा त्या बाजूच्या चार ओळी सोडा, रेशीमकिडापण अळीच आहे, त्याची कातपण अशीच अडकते.

आता तुमच्या एकराचं. उद्या सकाळी सातच्या आत रानात जा, पाच ठिकाणी दोन ओळींच्या मध्ये पोतं अंथरा, एक मीटर ओळीतली झाडं दोन्ही बाजूंनी त्यावर हलवा आणि पडलेल्या अळ्या मोजा, लहान वेगळ्या मोठ्या वेगळ्या, बुडख्याची ढेकळं पण उचलून बघा. मीटरला सरासरी तीन-चार अळ्यांच्या आत असतील तर लगेच काही मारायची गरज नाही, फुलं लागायच्या आधी सोयाबीन पाव हिस्सा पानं गेली तरी भरून काढतं, पण फुलापासनं शेंग भरेपर्यंत १५-२० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाहीत, आणि तुमचं आता फुलावरच येतंय. मोठ्या अळ्या मीटरला चारच्या वर सापडल्या तर निंबोळीच्या मागं लागू नका, ती वेळ गेली. क्लोरअँट्रानिलीप्रोल १८.५ एससी १० लिटरला ३ मिली, एकराला ६० मिली, संध्याकाळी, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून एकदा मारा. मधमाश्या फुलावर असताना नको.

त्याआधी एक बघा मात्र. शेंड्याच्या पानावर ताठ झालेल्या, अंगावर चुना फासल्यासारख्या पांढऱ्या किंवा फिकट हिरव्या पूड आलेल्या अळ्या दिसतात का? ती नोमुरिया बुरशी आहे, ऑगस्टच्या रिपरिपीत आपल्या भागात आपोआप येते आणि चार-पाच दिवसात रान साफ करते. दहा झाडांत दोन-तीन जरी तशा दिसल्या तर थांबा, काही मारू नका, आणि बुरशीनाशक तर अजिबात नको, आपणच तिला मारून बसू.

फवारा झाला तरी आठवड्यातनं दोनदा पानांच्या खालची बाजू बघत फिरा. तपकिरी केसांचा ठिपका, चिंचोक्याएवढा, तो अंडीपुंज, त्यात दोनशे-तीनशे अंडी. आणि कागदासारखं जाळीदार झालेलं एखादंच पान, त्याच्याखाली केसाएवढ्या हिरवट अळ्यांचा घोळका. ते पान तसंच तोडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका, एका पानात अडीचशे अळ्या गेल्या. असली पानं जास्त दिसायला लागली तर त्याच संध्याकाळी निंबोळी, १५०० पीपीएम असेल तर १० लिटरला ५० मिली, आणि आठ दिवसांनी परत. उद्या मोजलं की आकडे इथंच लिहा, लहान किती मोठ्या किती, आणि जमलं तर पानाच्या खालच्या बाजूचा फोटो टाका, मी रात्री बघतो.